दांडाचं लुगडं

१२ सप्टेंबर २०००

लग्न होऊन मी कोल्हापूरला आले, त्या पहिल्या आठवड्यातली एक दुपार आज उगाच आठवली. गच्चीवर लुगडी वाळली होती. एक टोक वन्संनी धरलेलं, दुसरं मी. नऊवाराची घडी एकटीला धड घालता येत नाही. आम्ही ताणायचो, झटकायचो, मग चालत एकमेकींजवळ यायचो, टोकं त्यांच्या हातात द्यायची, वाकून दुमड उचलायची आणि पुन्हा मागे सरायचं. बोलणं काही नाही. मला त्यांची बोली नीट कळत नव्हती आणि माझं बेळगावी कॉन्व्हेंटचं मराठी त्यांना. एकदा झटकताना माझ्या हातून टोक सुटलं आणि वन्सं मागच्या मागे धपकन बसल्या. दोघी इतक्या हसलो की खालून सासूबाईंनी विचारलं, "काय झालं गं पोरींनो?"

आठवण्याचं कारण असं की आज सकाळी अमरसिंह आला होता. ह्यांच्या मित्राचा मुलगा. चित्रकार आहे, राजारामपुरीत त्याचं कलादालन आहे. माझ्या क्विल्ट पाहून म्हणाला, "काकी, डिसेंबरात दालन मोकळं आहे. तुमच्या एकटीचं प्रदर्शन करू या." वयाच्या बासष्टाव्या वर्षी माझ्या एकटीचं प्रदर्शन! सिस्टर ॲग्नेस आज असत्या तर! कापडाच्या तुकड्यांतून चित्र शिवायला त्यांनीच शिकवलं. बेळगावच्या त्या वर्गाच्या खिडकीखाली बोगनवेल होती.

इथे क्विल्ट म्हटलं की कुणालाही कळत नाही. "म्हंजे वाकळच की," म्हणतात. वन्संना सांगितलं तर त्या चुलीपुढून म्हणाल्या, "आमी वाकळंवर निजतोय आनि तुमी ती भिताडाला टांगणार. भिताडाला थंडी वाजती व्हय?"

वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, शालूबाई. सोळाव्या वर्षी लग्न झालं, ते वर्ष सरायच्या आत नवरा गेला. सासरच्यांनी आणून सोडलं, तेव्हापासून ह्याच घरात, परसदारच्या खोलीत. जिभेनं तिखट आहेत, पण मनानं चांगल्या आहेत.

प्रदर्शनाचं नाव मला लगेच सुचलं. 'माहेर'. बेळगावचं आमचं घर भावांनी विकलं. आता जे काही माहेर उरलंय ते माझ्या सुईतच.

२५ सप्टेंबर

कापड गोळा करतेय. भावजयांनी जुन्या साड्यांचं पार्सल पाठवलं. आईची एकही नाही, सगळ्या नायलॉन. रडू आलं. कापडातही माणूस असतं हे लोकांना कळत नाही.

तानूबाईनं तिच्या सासूचं विटलेलं पातळ आणून दिलं. माझा मुलगा पृथ्वीराज शाळेत होता तेव्हापासून ती आमच्याकडे धुणंभांडी करते. बौद्ध आहे, पण अगदी घरच्यासारखी. कप ती आपण होऊनच वेगळा ठेवते, मी कधी सांगितलं नाही.

१० ऑक्टोबर

दसरा झाला म्हणून वन्संनी ट्रंकेतलं सामान उन्हात घातलं. सामान म्हणजे काय, दोन लुगडी, एक घोंगडं आणि ते डाळिंबी इरकली. अजून कोरं आहे, घडीसुद्धा मोडलेली नाही. वन्सं त्याच्याशेजारी पाट टाकून बसून होत्या. कावळा आला तरी उठून हाकलत होत्या.

ते लुगडं ह्यांनी आणलं होतं, दोन वर्षांपूर्वीच्या भाऊबीजेला. तेव्हा ह्यांना दम लागायचा, तरी रिक्षा करून महाद्वार रोडला स्वतः गेले. वन्संनी ओवाळलं तेव्हा ताटात ठेवून म्हणाले, "शाले, हे ठेवून दे. मी हाय तवर आणलेलं बरं. मागनं कोण आणणार?" वन्सं ताट खाली ठेवून रडल्या. म्हणाल्या, "दादा, रंगाचं आणलंस?" हे म्हणाले, "जन्मभर पांढरं नेसलीस. जाताना तरी रंगाचं असू दे."

मला मनातून जरा हसूच आलं. भाऊबीजेला एवढं रडायचं काय? पण बहीणभावाचं फार होतं. पुढच्या जानेवारीत हे गेलेच. पुढच्या भाऊबीजा कुठल्या! ह्यांना ते आधीच कळलं असावं.

डाळिंबी रंग मात्र असा की नजर हटत नाही. संध्याकाळी आमच्या कॉन्व्हेंटच्या चॅपलच्या खिडकीत तोच रंग उतरायचा.

२९ ऑक्टोबर, भाऊबीज

भावांपैकी कुणी आलं नाही. धाकट्याचा फोन आला, तोही टीव्हीचा आवाज कमी न करता.

वन्संनी अंगणात जाऊन चंद्राला ओवाळलं. भाऊ नसला की बायका तसं करतात. परत आल्या तेव्हा मी सहज विषय काढला.

"वन्सं, ते डाळिंबी तुम्ही नेसणार तरी कधी?"

"नेसणार की. एकडाव."

"मग आजच का नाही? सणाचा दिवस आहे."

"आज कसं? ते आपलं आपण नेसत न्हाईत. दुसऱ्यानं नेसवायचं असतंय."

हल्ली त्यांचे हात थरथरतात. मला वाईट वाटलं. म्हटलं, "मी नेसवीन ना!"

त्यांनी ओवाळणीचं ताट खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तुमीच नेसवायचं, वैनी. दुसरं हाय कोण? पदर तेवढा नीट घ्या. नाकावर येतोय."

मला भरून आलं. किती विश्वास! इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

११ नोव्हेंबर

काल अमरसिंह मोठी क्विल्ट पाहायला आला. चॅपलची खिडकी, तिच्यातून दिसणारं आमचं अंगण, आई उन्हात केस वाळवत बसलेली. सगळ्या प्रदर्शनाचा जीव त्या क्विल्टमध्ये आहे. तो बराच वेळ मान तिरकी करून बघत राहिला.

"काकी, राग मानू नका. मधोमध मेलंय."

"म्हणजे?"

"खिडकी पेटत नाही. हा लाल बाजारातला आहे, ओरडतो नुसता. आतून पेटणारा लाल पाहिजे. तो नसेल तर मी ही टांगणार नाही."

रात्रभर झोप लागली नाही. महाद्वार रोड पालथा घातला, गुजरीपर्यंत गेले. सगळे रंग ओरडतात.

१९ नोव्हेंबर

वन्सं शेजारच्या बायकांबरोबर एसटीनं नृसिंहवाडीला गेल्या. आज तिथेच मुक्काम आहे.

मी त्यांच्या खोलीत गेले. ट्रंकेला कुलूप नसतं. ह्या घरात कुलूप कशाला लागतंय!

पुष्कळ विचार केला. लुगडं दोन वर्षं तसंच पडून आहे. कसर लागून जाईल. आणि ते ह्यांनीच आणलेलं, म्हणजे आमच्या घरचंच. हे असते तर म्हणाले असते, घे. 'माहेर' नावाच्या प्रदर्शनात भावानं बहिणीला दिलेलं कापड नसावं तर कुठलं असावं?

घडी मोडताना खळीचा वास आला. दोन्ही टोकं आणि पदर मी मुद्दाम शाबूत ठेवले. फक्त मधला भाग काढला. दांड घालून ते पुन्हा नेसता येईल. आपल्याकडे जुन्या बायका तेच करायच्या. लुगडं मधे विरलं की तेवढं कापून टाकायचं, उरलेली दोन टोकं शिवून जोडायची, की झालं. जोडाची ती शिवण निऱ्यांत लपून जाते, कुणाला दिसतही नाही.

उरलेलं मी पहिल्यासारखंच घडी घालून ठेवलं, वरून पाहिलं तर कळणार नाही असं. वन्संना एकदम धक्का बसायला नको. सवडीनं सांगेन. प्रदर्शनातच दाखवावं, म्हणजे आनंद होईल.

२० नोव्हेंबर

वन्सं आल्या. माझ्यासाठी कवठाची बर्फी आणली. "तुमास्नी आवडती न्हवं?"

खिडकी पेटली. अमरसिंहला फोन केला.

८ डिसेंबर

आजच्या दिवसाबद्दल सगळं लिहायचं आहे, पण थकले आहे.

दालन भरून गेलं होतं. कॉन्व्हेंटच्या तिघी मैत्रिणी बेळगावहून आल्या. उद्घाटनाला मिसेस कपाडिया होत्या. त्यांची गोव्यात हॉटेलं आहेत आणि त्या कापडातल्या जाणकार आहेत. एक आजोबा मात्र तानूबाईच्या सासूच्या पातळाच्या क्विल्टपुढे उभं राहून अमरसिंहला विचारत होते, "ह्ये धुतल्यावर रंग जातोय का, पावणं?"

वन्संना मी गाडीनं आणलं. मोठ्या क्विल्टपुढे खुर्ची ठेवून बसवलं. त्या आधी खिडकीकडे बघत होत्या, मग उठल्या आणि डाळिंबीवर हात ठेवला. अमरसिंह म्हणाला, "आजी, हात नका लावू." त्यांनी काढला नाही. इरकलीची वीण त्यांच्या बोटांना ओळखू आली असणार.

"घडी मोडली म्हणायची," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना ती कथा सांगितली. आजारी भाऊ, भाऊबीज, बहिणीनं जिवापाड जपलेलं लुगडं आणि ते आता इथे, सगळ्यांचं माहेर होऊन. बोलताना माझाच आवाज भरून आला. टाळ्या झाल्या. मिसेस कपाडियांनी रुमाल डोळ्यांना लावला आणि वन्संचे हात हातात घेतले.

वन्सं मोठ्यानं म्हणाल्या, "ते माझं जायचं लुगडं हाय, बाई."

मिसेस कपाडियांना मराठी येत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हर ट्रॅव्हलिंग सारी," मी समजावलं.

"हाऊ चार्मिंग!" त्या म्हणाल्या. मग फोटोग्राफरनं आमचा दोघींचा फोटो काढला. वन्संना हसा म्हटलं तर हसल्या नाहीत. त्यांना कॅमेऱ्याची सवय नाही.

९ डिसेंबर

पेपरात फोटो आला. 'नणंद-भावजयीच्या नात्याची वीण'. मोठी क्विल्ट मिसेस कपाडियांनी घेतली. त्यांच्या नव्या हॉटेलच्या दर्शनी भिंतीवर लागणार. मी सही करून दिली. सिस्टर ॲग्नेस म्हणायच्या, दिलेला शब्द ही मुलीची खरी दौलत.

१३ डिसेंबर

आज तानूबाई भांडी अर्धवट टाकून हात पुसत माझ्यासमोर उभी राहिली.

"ताई, आक्का काय करत्यात बघितलंसा का?"

बघितलं होतं. वन्सं खिडकीशी बसून लुगड्याच्या दोन टोकांना दांड घालत होत्या. मला बरंच वाटलं होतं. शिवणात त्यांचंही मन रमू लागलं म्हणून.

"ताई, ते त्यांच्या मातीचं लुगडं हुतं. बाई मेली की माहेरचं लुगडं अंगावर पडाय लागतंय. भावानं म्हणून जिता असताना आणून ठिवलं. तुमाला ठावं न्हवतं?"

पद्धत मला ठाऊक आहे, मी काही परदेशातून आले नाही. पण माहेरचं लुगडं सासरी गेलेल्या बाईला लागतं. वन्संना सासर कुठलं? त्या तर जन्मभर इथेच. आणि ज्या बाईला सासर नाही तिला वेगळं माहेर तरी कुठून असणार? मी तसं म्हटलं.

तानूबाईनं पदर कमरेला खोचला. "मग त्या ऱ्हात्यात ते काय हाय, ताई? धर्मशाळा?"

तिला असं बोलणं शोभत नाही. तरी मी शांतपणे म्हटलं, "त्या दांड घालतायत ना? मग आहेच की लुगडं."

"मेलेल्याला दांडाचं चालत न्हाई. कोरं लागतंय. अखंड."

"मग मी आणीन वेळ आली की. त्याहून भारी."

"त्याहून भारी कुठलं आणशीला?" असं म्हणून ती भांड्यांकडे गेली. आज कपबश्या आपटून ठेवल्या, एकीचा टवका उडाला.

१५ डिसेंबर

वन्सं आपण होऊन माझ्या खोलीत आल्या. असं कधी होत नाही. दारातच उभ्या राहिल्या.

"वैनी, ती वाकळ मला द्या."

"कुठली?"

"खिडकीची. आता कापलंय ते कापलंय. तीच घाला माझ्यावर."

मला इतकं गहिवरून आलं! ज्या बाईनं माझ्या कामाची थट्टा केली तिला ती क्विल्ट इतकी आवडावी! पण ती तर दिली गेली होती. मी त्यांना जवळ बसवून समजावलं. शब्द दिलाय, सही केलीय, ट्रक उद्या यायचाय. 

"मागून बघा की. त्या बाईला सांगा, म्हातारी मागती म्हणून. बाईमाणूसच हाय न्हवं ती?"

"असं मागता येत नाही, वन्सं. तिथे रोज शंभर लोक बघतील. तुमच्या दादांचं लुगडं."

"शंभर लोकांनी बघायला मी काय तमाशातली हाय?"

मग उठल्या. दाराशी थांबून म्हणाल्या, "दादा असता तर तुमी कापलं नसतं."

हे मला फार लागलं. दुपारभर डोकं दुखत होतं. माझ्या आयुष्यातला एकच चांगला महिना, तोही नीट भोगता येऊ नये.

२५ डिसेंबर

नाताळ. मी वन्संसाठी मोठ्या क्विल्टचा फोटो करून घेतला, सोनेरी फ्रेम, काच. त्यांच्या खोलीत बाजेसमोर स्वतः खिळा मारून लावला, म्हणजे झोपल्या झोपल्या दिसेल. त्यांनी आभार मानले नाहीत. जुन्या बायकांना तसं शिकवलेलंच नसतं.

दांड घातलेलं लुगडं त्यांनी तानूबाईला देऊन टाकलं. अगदी नवंकोरं! मला विचारलंही नाही.

९ जानेवारी २००१

मिसेस कपाडियांचं पत्र. फार कौतुक होतंय. पुढच्या वर्षी मुंबईत करू म्हणतात. अमरसिंह म्हणाला, "काकी, आता थांबायचं नाही."

वन्संना खोकला आहे. जेवत नाहीत नीट. बाज फिरवून भिंतीकडे पाठ केली आहे. कारण विचारलं तर म्हणतात, "काच चमकती. डोळ्यावर येतंय."

२२ जानेवारी

डॉक्टर येऊन गेले. छाती भरली आहे म्हणाले. दवाखान्यात जायला वन्सं तयार नाहीत. "हितनंच जाणार," म्हणतात. पृथ्वीराजला पुण्याला कळवलं.

मी आज महाद्वार रोडवरून एक रेशमी लुगडं आणलं, डाळिंबीच. उत्तम मिळालं. त्यांना दाखवावं म्हणून घेऊन गेले, तर त्यांनी हातानं बाजूला सारलं. तापात माणसाला कळत नाही. माझ्या कपाटात ठेवून दिलं आहे.

३ फेब्रुवारी

पृथ्वीराज उद्या सकाळी पोचेल. वन्संना आज जरा हुशारी आहे. मला बोलावलं आणि म्हणाल्या, "तुमचं अक्षर चांगलं हाय. लिवून घ्या. कुणाला काय द्यायचं ते."

मी ही वहीच घेऊन बसले. तानूबाई त्यांच्या पायांशी होती. जसं सांगितलं तसं लिहिते आहे.

घोंगडं पृथ्वीराजला. त्यातच बांधून त्याला मी झोका दिलाय. त्याला वास यील, तरी द्या.

पानाचा डबा तानूबाईला. आतला अडकित्ता जपून, पातं सैल झालंय.

ट्रंक तानूबाईच्या संघप्रियाला. पोरगी शिकती, पुस्तकं ठिवंल. आतनं पुसून द्यायची.

पाट आनि उलथनं घरातच ऱ्हाऊ दे. ते घरचंच हाय.

बाज कुणीबी न्या.

भिताडावरचा फोटो वैनीला. काच फोडू नका, पोराबाळांच्या पायात जाईल.

"आणि माझ्यासाठी आठवण म्हणून काही, वन्सं?" मी विचारलं. फोटो तर मीच दिलेला.

"तुमचं तुमी घेतलंसा की," म्हणाल्या. "लिवा म्होरं."

लुगडं तानूबाई आणणार. तिच्या लोकांत पांढरं असतंय, पर मला रंगाचं आणते म्हणाली. ती आणंल तेच माझं माहेरचं. वैनीनं आणलंय ते घालायचं न्हाई, दुकानात परत द्या. आनि मला नेसवताना वैनीनं हात लावायचा न्हाई.

माझं पेन थांबलं. तापात माणूस काहीही बोलतं. मी तानूबाईकडे पाहिलं, ती वन्संचे पाय चेपत होती.

"त्ये बी लिवा," वन्सं म्हणाल्या.

लिहिलं.